आक्कांची भारी फाईल

शशीआक्कांचा फोन आला की समजायचं, आपल्या घरातून कुणीतरी ग्रुपवर काहीतरी जड टाकलेलं आहे.

"नमस्कार. शशिकला बोलते, नल्लकुंट्याहून. आत्ता दोन मिनिटं आहेत का तुम्हाला?" एवढं विचारून त्या खरोखर थांबत. आपण 'हो' म्हणेपर्यंत पुढचा शब्द नाही. मग म्हणत, "सकाळी तुमच्याकडनं एक व्हिडिओ आलाय. छानच असेल. त्याचं वजन बघितलंत का?"

आमच्याकडे तो पहिला फोन आला तेव्हा गुन्हा माझा नव्हता, आमच्या ह्यांचा होता. पुतण्याच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ, अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत, ह्यांनी मराठी मंडळींच्या चर्चा-ग्रुपवर सोडून दिला होता. फोनवर बाईचा करारी आवाज ऐकल्याबरोबर ह्यांनी "तुझ्यासाठी आहे" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि पेपर उघडून बसले. माझे हात कणकेचे. मी म्हटलं, "लग्नाचा आहे हो. वजन कुणाचं सांगू, नवरीचं की नवऱ्याचं?" मग त्या म्हणाल्या, "दोघांचं मिळून सांगा. वऱ्हाड धरून." आणि हसल्या. आमची ओळख झाली ती अशी.

ग्रुप म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. नल्लकुंटा, बरकतपुरा, आमचं अंबरपेठ इथली जुनी मराठी घरं, म्हणजे ज्यांचे आजे-पणजे निजामाच्या कचेरीत किंवा शाळेत नोकरीला होते अशी माणसं, आणि अलीकडे कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरीला आलेली पुण्याकडची पोरं. चर्चा कसलीही व्हायची. गुरुजी कोण चांगले, सुलतान बाजारात आळूची पानं कुणाकडे मिळतात, 'नक्को' हा शब्द आपण दखनीतून घेतला की त्यांनी आपल्याकडून. या शेवटच्या प्रश्नावर तर दोन घरांत बोलणं बंद होतं. या सगळ्याच्या अ‍ॅडमिन शशीआक्का. त्यांना कुणी नेमलं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची कुणाची टाप नव्हती.

दिसायला त्या बारक्या, उंच, पाठीचा कणा ताठ. कॉटनची इस्त्रीची साडी आणि मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ. लग्न केलं नव्हतं. खालच्या मजल्यावर भाऊ-भावजय आणि वर दोन खोल्यांत या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, तीही ट्रंक कॉलच्या काळात, जेव्हा परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि ऑपरेटर बाई लाइन जोडून देईपर्यंत वाट बघत बसायचं. कानाला यंत्र लावून त्या मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत लोकांना "थांबा" म्हणत आल्या. आवाज असा, की 'थांबा' म्हटलेलं माणसाला आवडावं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मागं कुणीतरी उभं आहे." ग्रुपवर कुणी न विचारता जड फाईल टाकली की खाली आक्कांची एवढीच ओळ यायची. नव्या माणसाला वाटायचं बाई भुताखेताचं काहीतरी बोलतायत. मला एकदा त्यांनी सांगितलं ते असं. एक व्यापारी मुंबईला फोन जोडून घ्यायचे आणि आंब्याच्या पेट्यांवरून सुरू होऊन सासुरवाडीच्या गप्पांपर्यंत जायचे. लाइन एकच. मागे दुसरा माणूस ताटकळलेला, त्याला फक्त "बाबा गेले, निघून ये" एवढं सांगायचंय. "मग मी मधेच जायची अन् म्हणायची, साहेब, मागं कुणीतरी उभं आहे. भला माणूस असला तर ठेवायचा. आता मला सांग सुमन, ह्या ग्रुपवर तरी दुसरं काय चाललंय? लाइन एकच आहे. तुम्ही त्यात हत्ती घुसवला तर मागच्यानं मुंगी पण कुठनं पाठवायची?"

मी म्हटलं, "आक्का, आता तसं नसतं. आता लाइनबिइन नसते."

"लाइन नसंल. माणसं तर तीच हैत ना?"

आणि खरंच, त्यांचं म्हणणं पटवून देणारी एक फजिती ग्रुपवर होऊन गेली होती. बरकतपुऱ्यातले एक काका, सगळे त्यांना वकीलकाका म्हणत, त्यांचा फोन जुना आणि जागा टीचभर. कुणा उत्साही माणसानं एका सकाळी सुप्रभाताचे सहा व्हिडिओ पाठवले आणि वकीलकाकांचा फोन पोट भरून गप्प बसला. त्याच दिवशी दसऱ्याच्या संमेलनाची जागा बदलल्याचा निरोप आला. तो सगळ्यांना मिळाला, काकांना सोडून. काका शेरवानी घालून, सोनं वाटायला आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन जुन्याच हॉलवर गेले. तिथे एका तेलुगू कुटुंबाचं बारसं होतं. त्यांनी काकांना आग्रहानं जेवायला बसवलं. काका जेवून, बाळाच्या हातात आपट्याचं पान ठेवून घरी आले. आम्ही हसून हसून मेलो, पण आक्का हसल्या नाहीत. "जेवण मिळालं म्हणून हसताय," त्या म्हणाल्या. "बारशाऐवजी तेरावं असतं तर?"

त्यांचे नियम याच प्रसंगानंतर पक्के झाले. काही टाकायचं तर आधी विचारायचं. आत काय आहे आणि वजन किती ते सांगायचं. मोठं असेल तर फाईल ग्रुपवर आणायचीच नाही, ती बाहेर कुठेतरी ठेवून फक्त लिंक द्यायची. ज्याला हवं तो जाऊन घेईल. घेणाऱ्यानंही आधी उतरवून घ्यायची आणि मग सावकाश बघायची, दारात उभं राहून बघत बसायचं नाही. आणि आठ दिवसांनी ज्याची त्यानं लिंक काढून टाकायची. "पाहुणा किती दिवस राहणार ते आल्याआल्या सांगितलेलं बरं. घरच्यांचा जीव राहतो," असं आक्का म्हणत.

चिडणारे चिडले. "हा ग्रुप आहे का कचेरी?" असं लिहून एकजण निघूनही गेले. त्यांना आक्कांनी फोन करून विचारलं, "निघालात ते कळलं. तब्येत बरी आहे ना?" ते चार दिवसांनी परत आले. मला स्वतःला हा काटेकोरपणा जाम डोक्यात जायचा. मी तोंडावर सांगायची, "आक्का, लोक करमणुकीला येतात इथं, तुम्ही त्यांना परवाने काढायला लावता." त्या शांतपणे म्हणत, "हौ. पण बघ, आता कुणाचा निरोप हुकत नाही."

पण बाईंना नुसता हुकूम सोडून मोकळं व्हायची सवय नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांना लिंकबिंक उघडणं जमायचं नाही त्यांच्याकडे त्या स्वतः जात. बसनं, नाहीतर चालत. चहा घेऊन, चष्मा लावून त्या म्हातारीचा फोन साफ करत बसत. एकेक फोटो दाखवून विचारत, "हा ठेवायचा की काढायचा?" म्हातारी प्रत्येक फोटोची गोष्ट सांगणार, आक्का ती ऐकणार, दुपार संपणार आणि फोटो तीनच गेलेले असणार. न विचारता त्यांनी कुणाचं काही पुसलं नाही.

आता त्या एका शब्दाकडे येते.

ग्रुपवरच्या पुण्याच्या पोरांत केतकी नावाची एक मुलगी होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, पण आक्कांवर तिचा फार जीव. आक्कांनी काही लिहिलं की पहिलं उत्तर केतकीचं. होळीला मी माझ्या पुरणपोळीचा फोटो टाकला, वजन सांगून टाकला बरं का, आणि खाली केतकीनं लिहिलं, "भारी!" त्याखाली आक्कांनी लिहिलं, "हो. पुरण पचायला भारीच. वर सुंठ घालून कढी घ्यावी." पोरं खूष! आक्का काय विनोदी आहेत म्हणून हसण्याच्या चित्रांची रांग लागली. मीही हसले. आक्का विनोद करत नव्हत्या हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. त्यांच्या घरात, त्यांच्या सगळ्या आयुष्यात, भारी म्हणजे एकतर जड नाहीतर महाग. जेवण भारी झालं की ओवा खायचा, गाठोडं भारी झालं की दोघांनी उचलायचं. भारी म्हणजे उत्तम, झकास, हे पुण्याहून आलेलं चलन त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. माझा भाचा पुण्यात शिकला म्हणून मला ठाऊक.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आक्कांचा आवाज बसला. आधी म्हणाल्या कैरीचं पन्हं बाधलं. मग हवेवर ढकललं. मग एक दिवस मला फोन करून नेहमीसारखं, "दोन मिनिटं आहेत का?" विचारलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "सुमन, तपासण्या झाल्या. घशात गाठ हाय. स्वरयंत्र काढणार म्हणतात. म्हणजे आवाज जाणार. बाकी मी आहे तशी राहीन."

त्याच म्हणाल्या, "आता तू तरी बोल. माझी मिनिटं मोजकी हैत." काय बाई होती! मी फोन ठेवून ओट्याला धरून रडले.

आक्कांना आवाज जाण्याचं दुःख होतंच, पण घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. श्रावण महिना तोंडावर आला होता. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करून कहाणी सांगतात ती आमच्या भागात आक्कांच्या घरी व्हायची. कहाण्यांची पुस्तकं बाजारात मिळतात, पण आक्कांची कहाणी पुस्तकातली नव्हती. ती त्यांच्या आईची होती, आईला तिच्या आजीकडून आलेली. त्यातला राजा गोवळकोंड्याचा, त्यातली गरीब बाई मुसी नदीकाठी राहणारी, आणि राणी रागावली की सरळ "नक्को" म्हणायची. कुठं लिहिलेली नाही. आक्कांच्या तोंडात तेवढी होती. कुणीतरी एकदा बोललंच होतं, की ही लेकराबाळांसाठीची कहाणी, बिनलग्नाच्या बाईनं कशी सांगावी? आक्का म्हणाल्या होत्या, "ऑपरेटरला स्वतःचा फोन नसतो लावायचा. जोडून द्यायचा असतो."

मी म्हटलं, "लिहून ठेवू या. तुम्ही सांगा, मी लिहिते." त्यांनी मान हलवली. "लिहिली तर तू शुद्ध करशील. राणीच्या तोंडी 'नको' घालशील." मी घातलंच असतं म्हणा.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी, जो काही घोगरा आवाज उरला होता त्यात, आक्कांनी खोलीचं दार लावून कहाणी फोनवर रेकॉर्ड केली. एकटीनं. आवाजात आणखी कसर नको म्हणून फोनमधला सगळ्यात चांगला दर्जा निवडला. त्यामुळे फाईल झाली अवाढव्य. सगळ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यावर टाकलेलं हे पहिलं ओझं. त्यांनी रीतीप्रमाणे ग्रुपवर विचारलं: "माझ्याकडे श्रावणाच्या कहाणीची फाईल आहे. वजन फार आहे. लिंक दिली तर चालेल का?" आजाराविषयी अक्षर नाही. सगळ्यांनी चालेल, चालेल म्हटलं. त्यांनी लिंक दिली.

मी त्या दोन दिवसांत दवाखान्याच्या खेपा घालत होते, कारण आक्कांचे भाऊ गुडघेदुखीनं घरी बसलेले. कहाणी ऐकायला आठ दिवस आहेत असं मी धरून चालले होते. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर आक्कांचा निरोप दिसला: "फाईल काढून टाकली आहे. कुणाला भार झाला असल्यास क्षमा असावी." मला वाटलं, बाईला स्वतःचा आवाज ऐकवला नसेल. अशा वेळी काय विचारायचं? मी विचारलं नाही. सकाळी त्यांना आत नेलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. बऱ्याच दिवसांनी त्या उशीला टेकून बसायला लागल्या, तेव्हा बोलण्यासाठी त्यांच्या हातात लहान मुलांची पाटी होती, खडूची. मी धीर करून विचारलं, "आक्का, ती कहाणी का काढलीत हो?"

त्यांनी लिहिलं, "लोकांना भार झाला."

"कुणी म्हटलं असं?"

त्यांनी फोन उघडून माझ्यापुढे धरला. त्यांच्या लिंकच्या खाली ओळीनं उत्तरं होती. "भारी!" "आक्का, खूपच भारी." आणि केतकीचं, "फार म्हणजे फार भारी झालंय!"

मी वाचलं आणि मला हसूच फुटलं. वॉर्डात, नाकात नळी घातलेल्या बाईसमोर, मी खदाखदा हसत होते. नर्स धावत आली, "क्या हुआ अम्मा?" आक्का माझ्याकडे असं बघत होत्या, की पाटी फेकून मारतात की काय. मी डोळे पुसत सांगितलं, "आक्का, अहो भारी म्हणजे चांगलं! पुण्याची पोरं उत्तमला भारी म्हणतात. तुमचं कौतुक करत होती ती!"

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "पुरणपोळी पण?"

"हौ, पुरणपोळी पण."

मग माझं हसू पार आटलं, कारण त्यांनी लिहिलं, "मी फोनमधनं पण पुसली." आणि पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या सगळ्या दिवसांत, चिरफाडीतही, मी ते पाहिलं नव्हतं. आता परत सांगायची म्हटलं तर सांगायला आवाज कुठून आणायचा? पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी सांभाळलेली गोष्ट एका शब्दापायी पुसली गेली होती, आणि तीही कौतुकाच्या. मला त्या पोरांचा राग आला, आक्कांचा आला, आणि खोटं कशाला बोलू, मराठी भाषेचाही आला.

मी व्हरांड्यात जाऊन केतकीला फोन लावला. "केतकी, ती आक्कांची कहाणी. तुझ्याकडे..."

"आहे ना काकू," ती म्हणाली. "का?"

"आहे? कशी काय?"

"आक्कांचा नियमच आहे ना, आधी उतरवून घ्या, मग ऐका. मी लॅपटॉपवर घेतली आणि मग ऐकली. त्यांनी नंतर लिंक काढली, मला वाटलं काहीतरी नियम असेल." तिला खरं काय झालं ते सांगितलं तेव्हा पलीकडून नुसतं मुसमुसणं ऐकू येऊ लागलं. मी म्हटलं, "रड नंतर. आधी ये."

ती दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन आली. आक्कांचे पाय धरले, माफी मागितली. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "सरे, सरे." तेलुगूत 'बरं बरं' म्हणतात तसं. मग कामाचं बोलणं सुरू झालं. केतकी म्हणाली, "आक्का, फाईल खूप जड आहे हे मात्र खरं. पण मी हलकी करून देते. तुम्ही मधे मधे खूप थांबल्या आहात. दम लागला असेल ना, साहजिक आहे. या फॉरमॅटमध्ये रिकाम्या जागेचंही वजन बोलण्याइतकंच असतं. त्या जागा कापल्या की फाईल निम्मी होईल. मग कुणाच्याही फोनमध्ये मावेल."

मला वाटलं आक्का खूष होतील. आयुष्यभर वजन, वजन करणारी बाई. त्यांनी केतकीचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नक्को."

केतकी बुचकळ्यात पडली. आक्कांनी पाटी पुसून परत लिहिलं, "तिथं तुमी हूं म्हणायचं." पुन्हा पुसून, "समोर कुणी नव्हतं. म्हणून जागा सोडली."

केतकीला ती रीत ठाऊक नव्हती, तिला मी सांगितली. कहाणी नुसती ऐकायची नसते. हातात अक्षता घेऊन बसायचं, आणि सांगणारी थांबली की ऐकणाऱ्यांनी "हूं" म्हणायचं. हूं आला नाही तर कहाणी पुढे जात नाही. दम लागलेल्या बाईनं, बंद खोलीत, एकटीनं बसून आमच्या सगळ्यांच्या हूंसाठी जागा सोडली होती. केतकीनं लॅपटॉप मिटला.

आक्का गेल्या वर्षी गेल्या. दुखणं परतलं. त्याविषयी मला लिहायचं नाही. आजाराचं काय कौतुक करायचं! मला त्या श्रावणाविषयी लिहायचं आहे, जेव्हा त्या घरी आलेल्या होत्या आणि पहिला शुक्रवार आला.

नल्लकुंट्याच्या वरच्या खोलीत आम्ही सगळ्या जमलो. जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ घातली. ज्या पाटावर आक्का बसायच्या त्यावर केतकीनं लॅपटॉप ठेवला. आक्का पाटासमोर, सतरंजीवर, आमच्यात येऊन बसल्या. मी त्यांच्या हातात अक्षता दिल्या. सांगणारीच्या हातात कधी अक्षता नसायच्या, त्यामुळे किती घ्यायच्या ते त्यांना कळेना. मूठभरून घेतल्या.

आवाज सुरू झाला. घोगरा, पण त्यांचाच. राजा आला, राणी आली, आणि आवाज थांबला. आम्ही सगळ्याजणी आक्कांकडे बघत बसलो. जागा तशीच गेली आणि कहाणी आपली पुढे निघाली. दुसऱ्या जागेला आक्कांनी माझ्या गुडघ्यावर जोरात चापट मारली आणि डोळे वटारले. मी दचकून "हूं" म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. त्यानंतर जमून गेलं. आवाज थांबायचा, आम्ही हूं म्हणायचो, आवाज पुढे जायचा. आक्कांचे नुसते ओठ हलत होते.

मग राणीवर जिवतीची अवकृपा होते, आणि ती माफी मागायला गोवळकोंड्याहून अनवाणी निघते तो भाग आला. आक्कांच्या आईच्या कहाणीत ही राणी वाटेत भाजीवालीपाशी थांबते आणि विचारते, "भेंडी कैसी दिये?" तो आवाज तेवढं बोलला आणि थांबला. आम्ही हूं म्हटलं. तरी आवाज येईना. पुन्हा हूं म्हटलं. नाही. केतकी घाबरून लॅपटॉपकडे वाकली. वकीलकाकांची सून म्हणाली, "बंद पडलं की काय?"

मला एकदम कळलं. ती जागा माझी होती. दरवर्षी, न चुकता, नेमक्या याच ठिकाणी मी आक्कांना अडवत असे, आणि सगळ्याजणी हसत. त्याशिवाय आमची कहाणी कधी पुढे गेलीच नव्हती. वेळ निघून चालली होती. मी लॅपटॉपकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "अहो आक्का, राणी स्वतः कशाला भेंडी घ्यायला जाईल? घरात नोकर नव्हते का?"

दरवर्षी त्या याला वेगळं उत्तर देत. नोकर भेंडी जून आणतात, राणीला दुसऱ्याची निवड पटत नाही, असं काहीबाही. मी वाट पाहत राहिले.

"नोकर सगळे सुट्टीवर होते," लॅपटॉपमधून आक्का म्हणाल्या. "झालं का सुमन तुझं? मग ऐक आता गुमान."

सगळी खोली हसायला लागली. शेजारी आक्का हसत होत्या, आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते आणि मुठीतल्या अक्षता सतरंजीवर सांडत होत्या. मी त्यांचा हात धरला आणि हूं म्हटलं.